पगार वाढला, मग टिप कुणाची?

१ जानेवारी २०२५ पासून सिएटल शहरातल्या प्रत्येक मालकाला, त्याचं हॉटेल लहान असो की मोठं, ताशी किमान २०.७६ डॉलर मोजावे लागू लागले. आदल्या दिवसापर्यंत लहान मालकांना एक पळवाट होती. त्यांनी ताशी १७.२५ डॉलर हातात ठेवले आणि उरलेली तफावत टिपमधून किंवा आरोग्यविम्याच्या हप्त्यातून भरून निघाली, तर कायद्याची हरकत नसे. २०१४ साली शहराने पंधरा डॉलरचा तो गाजलेला कायदा केला, तेव्हाच ही सवलत २०२५ ला संपेल असं त्यात लिहून ठेवलं होतं. मुदत जवळ आल्यावर २०२४ च्या उन्हाळ्यात ती कायम करण्याची खटपट झाली, पण ती बारगळली. २०२६ मध्ये आकडा २१.३० वर गेला. तेव्हापासून जेवायला येणारी माणसं एक प्रश्न उघडपणे विचारू लागली आहेत: यांना आता बरा पगार मिळतो, मग वर टिप कशाला? मी याच परिसरात आधी टेबलं सांभाळली आणि आता हॉटेलांची पगारपत्रकं करते, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. माझं उत्तर असं की टिप द्यावी. पण ती ज्या कारणासाठी आपण आजवर देत होतो ते कारण इथे उरलेलं नाही, आणि ज्या एकट्या माणसाला देत होतो त्या एकट्याची ती राहू नये.

जुनं कारण आधी नीट पाहिलं पाहिजे, कारण त्यावर बराच गैरसमज पोसलेला आहे. अमेरिकेचा किमान वेतनाचा केंद्रीय कायदा १९३८ चा, पण त्यात हॉटेलातले कामगार धरलेच नव्हते. १९६६ साली त्यांना आत घेतलं ते एका अटीवर: वेतनाचा काही भाग टिपमधून आला असं मालकाला धरता यावं. पुढे १९९१ साली टिप मिळवणाऱ्यांसाठी रोख वेतनाचा किमान आकडा २.१३ डॉलर झाला आणि आजही तो तिथेच आहे. सर्वसाधारण किमान वेतन २००९ पासून ७.२५ वर थांबलं आहे. टेक्सास किंवा जॉर्जियासारख्या राज्यांत मालक कायदेशीररीत्या ताशी दोन डॉलर तेरा सेंट देऊ शकतो आणि बाकीचं गिऱ्हाइकाने द्यायचं असतं. टिप आणि वेतन मिळून ७.२५ भरले नाहीत तर फरक मालकाने घालायचा, असं कायदा म्हणतो. तो फरक खरोखर घातला जातो का, हे तपासणारं कुणी रोज दारात उभं नसतं. तिथे टिप म्हणजे सरळ पगारच. ती न देणं म्हणजे काम करून घेऊन मजुरी बुडवणं.

पण सिएटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टनचं तसं नाही. वॉशिंग्टन, ऑरेगन, कॅलिफोर्निया, नेवाडा, मॉन्टाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत राज्याचं किमान वेतन पूर्ण द्यावंच लागतं, टिप त्याच्या वर. सिएटलची ती दहा वर्षांची सवलतसुद्धा शहराने राज्यापेक्षा चढवलेल्या आकड्यापुरतीच होती. म्हणजे ‘बिचाऱ्यांना पगारच नसतो’ या कळवळ्याने इथे जी टिप पडत आली, ती २०२५ च्या आधीही चुकीच्या माहितीवर पडत होती. सिएटलशेजारच्या बेलव्ह्यू-रेडमंडच्या मराठी घरांत भारतातून आलेल्या आईवडिलांना ही समजूत अगदी ठामपणे दिली जाते: इथे वेटरला पगार नसतो, आपणच द्यायचा असतो. हेच कुटुंब उद्या नोकरी बदलून टेक्सासमधल्या डॅलसला गेलं की ते वाक्य जवळजवळ खरं होतं. एका देशात एकाच कामाचे असे दोन हिशेब असताना सगळीकडे एकच वीस टक्के लावायचे, ही सवय विचारातून आलेली नाही. आणि ज्याला इथे ही गोष्ट कळते त्याला फसवल्यासारखं वाटलं, तर त्यात त्याचं काही चूक नाही.

मग थांबवावी का? किराणा दुकानात गल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसालाही तेच २१.३० मिळतात आणि त्याला कुणी टिप देत नाही, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. त्यावर ‘वेटरचं काम जास्त कष्टाचं’ असं उत्तर मी देणार नाही, कारण आठ तास गल्ल्यावर उभं राहणंही काही सोपं नाही. फरक तासांचा आहे. दुकानाची पाळी ठरलेली असते, हॉटेलाची पाळी गर्दीवर चालते. संध्याकाळी साडेपाचला सहा जण कामावर येतात, आठ वाजता पाऊस लागतो, टेबलं रिकामी पडतात आणि दोघांना घरी पाठवलं जातं. आठवड्याला चाळीस तास भरणारा सर्व्हर माझ्या पगारपत्रकांत क्वचितच दिसतो. पंचवीस-तीस तास हे नेहमीचं. ताशी २१ डॉलर ऐकायला मोठे वाटतात, पण अठ्ठावीस तासांनी गुणले की सिएटलच्या घरभाड्यापुढे ते फार टिकत नाहीत. पगाराचा दर वाढला की मालक बरेचदा पहिली कात्री तासांनाच लावतो. त्यामुळे दर पाहून मिळकतीचा अंदाज करू नये. अर्थात एवढ्याने टिपची बाजू सिद्ध होत नाही. तास कमी मिळतात हे दुःख गल्ल्यावरच्या अर्धवेळ माणसालाही आहेच.

शिवाय हिशेबाची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. समजा शुक्रवारी संध्याकाळी एका सर्व्हरने पाच तासांत आठशे डॉलरची विक्री केली आणि सरासरी अठरा टक्के टिप पडली, तर १४४ डॉलर होतात. त्यातले तीसेक टक्के टेबलं उचलणाऱ्याला, बारवाल्याला आणि दारात उभ्या राहणाऱ्या होस्टला गेले, तरी शंभराच्या आसपास हातात राहतात. म्हणजे ताशी वीस. पगार धरून ताशी एक्केचाळीस. सोमवारी दुपारी हाच माणूस चार तासांत अडीचशेची विक्री करतो आणि वरचे आठ डॉलरही मुश्किलीने सुटतात, हेही खरं. पण त्याच शुक्रवारी आत शेगडीपाशी उभा असलेला लाइन कुक, समजा, चोवीस डॉलरवर काम करतो आणि त्याचा शुक्रवार सोमवारसारखाच मोजला जातो. शुक्रवारी त्याच्या अंगावर ऑर्डरी दुप्पट येतात, एवढाच काय तो फरक. भांडी घासणाऱ्याला बहुधा किमान वेतनच मिळतं. गिऱ्हाईक ‘जेवण अप्रतिम होतं’ म्हणतं आणि त्या अप्रतिम जेवणाचे पैसे ते जेवण ज्याने केलं नाही त्याला देतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे विचित्र वाटत नाही, कारण त्याला आतला माणूस दिसतच नाही. पगारपत्रक करणाऱ्याला दोन्ही ओळी एकाखाली एक दिसतात.

ही दरी मालकाच्या कंजूषपणातून आलेली नाही, निदान सगळी नाही. बराच काळ कायद्यानेच ती बुजवू दिली नव्हती. केंद्रीय कायद्यात टिपची वाटणी सक्तीची करायची तर ती रूढीने टिप मिळणाऱ्यांतच करता येत असे: सर्व्हर, टेबलं उचलणारे बसर, बारटेंडर. आचारी आणि भांडीवाले त्यात बसत नव्हते. ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या एका छोट्या हॉटेलाने टिपचा निम्म्याहून मोठा वाटा, ५५ ते ७० टक्के, आतल्या लोकांना द्यायला सुरुवात केली. एका वेट्रेसने दावा लावला. ‘कंबी विरुद्ध वुडी वू’ या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. २०१० साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचा तर्क साधा होता: जो मालक टिपचा आधार न घेता पूर्ण किमान वेतन देतो, त्याला वाटणीचे ते निर्बंध लागू होत नाहीत. पुढच्याच वर्षी केंद्राच्या कामगार खात्याने नियम काढून हा दरवाजा बंद केला. वर्षानुवर्षे वाद चालला. शेवटी मार्च २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच बदलला. पूर्ण किमान वेतन देणाऱ्या हॉटेलात टिप आतल्या लोकांबरोबर वाटता येईल, मात्र मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांनी त्यातल्या एका सेंटलाही हात लावायचा नाही.

या बदलाकडे गिऱ्हाइकांचं लक्ष गेलं नाही, पण माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. जिथे मालक २.१३ देऊन बाकीचं टिपवर ढकलतो, तिथे टिप कायद्यानेच सर्व्हरच्या पगाराला बांधलेली असते आणि आचाऱ्यापर्यंत पोचू शकत नाही. जिथे पगार पूर्ण दिला जातो, तिथेच ती मोकळी होते. म्हणजे वेतनवाढीमुळे टिप निरर्थक होते हे म्हणणं उलटं आहे. वेतन पूर्ण झालं म्हणून तर टिप पहिल्यांदा सगळ्या घराची होऊ शकली. सिएटलमध्ये गिऱ्हाइकाने आज टिप बंद केली, तर सर्व्हरच्या मिळकतीतून बरंच जाईल, पण वाटणी करणाऱ्या हॉटेलात भांडी घासणाऱ्याचा आत्ता कुठे मिळू लागलेला वाटा पुरताच जाईल. मालकाचं मात्र काहीच जाणार नाही. टिप न देऊन मालकाला धडा शिकवता येत नाही, हे हिशेबाच्या वह्या पाहणारा कुणीही सांगेल. मालकाच्या नफा-तोट्याच्या पत्रकात टिप ही ओळ उत्पन्न म्हणून नसतेच.

यावर सर्व्हरांची तक्रार असते, आणि ती मी या कामात सतत ऐकते: गिऱ्हाइकाने पैसे मला दिले, माझ्या वागण्याला दिले, मग ते दुसऱ्याला का? पटण्यासारखं आहे. पण गिऱ्हाईक खरंच वागण्याला पैसे देतं का? कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी टिपचा अभ्यास अनेक वर्षं केला. त्यांच्या कामाचा एक ठळक निष्कर्ष असा की सेवेचा दर्जा आणि टिपचं प्रमाण यांतला संबंध अगदी क्षीण आहे. टिपचा आकडा मुख्यतः बिलाच्या आकड्यावर ठरतो. जो वाइनची महागडी बाटली आणतो त्याला पाण्याचा पेला आणणाऱ्यापेक्षा जास्त मिळतं, हात तेवढेच हलतात. आणखी एक गोष्ट याच अभ्यासात दिसली आहे: काळ्या सर्व्हरांना गोऱ्यांपेक्षा कमी टिप मिळते. बायकांना टिपसाठी जे हसून सोसावं लागतं ते मी आकड्यांत सांगू शकत नाही, पण ज्या बाईने टेबलं सांभाळली आहेत तिला ते सांगावंही लागत नाही. रात्रीची सगळी टिप एका डब्यात जमा होऊन तासांप्रमाणे वाटली गेली, तर हा पक्षपात नाहीसा होत नाही, पण एकाच माणसाच्या खिशाला तो भोवत नाही. आगाऊ माणसाला ‘नाही’ म्हणण्याची किंमत सगळ्यांत विभागली जाते. कौशल्याला काही मिळू नये असं मी म्हणत नाही. उत्तम सर्व्हरला मालकाने जास्त दर द्यावा, जसा उत्तम आचाऱ्याला देतात.

इतकं असेल तर टिप काढूनच टाका, पदार्थाच्या किमतीत घाला, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मलाही तत्त्वतः हेच आवडलं असतं. याच वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टिपवर कायद्याने बंदी घातली होती. ती टिकली नाही. अलीकडचा मोठा प्रयोग न्यूयॉर्कचे डॅनी मायर यांचा. २०१५ साली त्यांनी आपल्या हॉटेलांत टिप बंद करून किमती वाढवल्या. त्यामागचं त्यांचं एक मुख्य कारण आतल्या लोकांचा पगार हेच होतं. किमती पाहून गिऱ्हाईक बिचकलं, मुरलेले सर्व्हर जिथे टिप मिळते तिथे निघून गेले, आणि २०२० च्या जुलैत टिप परत आली. सिएटलच्या आयव्हर्स या मासळीच्या जुन्या हॉटेलाने २०१५ मध्येच सगळ्यांना पंधरा डॉलर देऊन किमती एकवीस टक्क्यांनी वाढवल्या आणि टिपची गरज नाही असं गिऱ्हाइकांना सांगितलं. अशा प्रयोगांची अडचण चांगुलपणाची कमतरता ही नसते. शेजारच्या हॉटेलात तोच मासा अठ्ठावीसला दिसतो आणि तुमच्याकडे चौतीसला. त्या अठ्ठाविसावर शेवटी टिप चढून आकडा तेवढाच होणार आहे, हे मेन्यू वाचणारा मनात मांडत नाही. एकट्या हॉटेलाने हा धाडसी खेळ खेळायचा म्हणजे जिंकण्याची आशा कमीच. सगळ्या शहराने एकदम केलं तरच जमेल, आणि तसं करायला आजचा कायदा कुणाला सांगत नाही.

मधला मार्ग म्हणून बिलावरच अठरा-वीस टक्के सेवाशुल्क छापण्याची पद्धत सिएटलमध्ये बरीच पसरली. इथे मात्र गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत. टिप कायद्याने कामगाराची असते. सेवाशुल्क हा मालकाचा महसूल असू शकतो. वॉशिंग्टनचा कायदा म्हणतो की त्यातला किती टक्के वाटा वाढणाऱ्या माणसाला जातो ते मेन्यूवर आणि बिलावर लिहिलंच पाहिजे. बारीक अक्षरांतली ती ओळ फार कमी लोक वाचतात. भारतात हाच झगडा वेगळ्या अंगाने चालू आहे: ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेलांनी सेवाशुल्क परस्पर बिलात घालू नये असं बजावलं, हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. पुण्या-मुंबईतला जो माणूस तिथे ‘हे पैसे वेटरला मिळतात का?’ असं ठणकावून विचारतो, तोच अमेरिकेत आला की मुकाट सही करतो, याची मला गंमत वाटते. त्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२५ च्या जुलैत नवा करकायदा केला. २०२५ ते २०२८ या वर्षांत टिपच्या पंचवीस हजार डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर आयकराची सूट आहे, पण ती स्वेच्छेने दिलेल्या टिपवर. सक्तीचं सेवाशुल्क त्यात बसत नाही. म्हणजे किमतीत किंवा शुल्कात पैसे घालणाऱ्या मालकाचे कामगार आता करातही मागे पडतात. टिप संपवण्याच्या वाटेवर सरकारने स्वतःच एक धोंड टाकून ठेवली आहे.

राहिला प्रश्न किती द्यायची, आणि इथे मी गिऱ्हाइकाच्या बाजूची आहे. टक्केवारीच्या हिशेबात एक खोट आहे. वेतन वाढलं म्हणून वीसचा पदार्थ चोविसाचा झाला, तर वीस टक्के टिप चारवरून चार डॉलर ऐंशी सेंट होते. कुणी न मागता ती महागाईबरोबर चालते. शिवाय दहा टक्के, मग पंधरा, आता वीस असा दरही पिढीगणिक चढत गेला. त्यात टॅब्लेटचा पडदा बहुतेक वेळा करासकट आकड्यावर टक्के काढतो आणि सिएटलचा विक्रीकर दहा टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे पडद्यावरचे वीस हे जेवणाच्या किमतीचे बावीस होतात. वेतनवाढीचे पैसे किमतीतून एकदा दिलेले असताना त्याच वाढलेल्या किमतीवर जुनाच दर पुन्हा लावायचा, ही दुहेरी वसुली आहे आणि तिच्याविरुद्धची कुरकुर रास्त आहे. जिथे पूर्ण वेतन आहे तिथे करापूर्वीच्या रकमेवर बारा ते पंधरा टक्के मला पुरेसे वाटतात. माझ्या सहकाऱ्यांना हे वाचून राग येईल. पण वीसचा हट्ट धरून बसलो तर लोक एक दिवस शून्यावर येतील, आणि तेव्हा सगळ्यांत आधी आतल्या माणसाचा वाटा बुडेल.

टेबलावर कुणी आलंच नाही, तुम्हीच काउंटरवरून कॉफी उचलली आणि तरी पडदा तुमच्याकडे वळवला, तर ‘टिप नाही’ हे बटण दाबताना मान खाली घालायचं कारण नाही. तिथलं काम गल्ल्यावरच्या माणसासारखंच आहे आणि पगारही तोच. बुफेमध्ये ताटं उचलणारा आणि पाणी भरणारा असतो, तेव्हा थोडं ठेवावं. आणि टेबलावर बसून जेवलात तर सही करण्याआधी एवढंच विचारा: ही टिप आत वाटली जाते का? सर्व्हरला या प्रश्नाचा राग येत नाही. बहुतेक जण सरळ उत्तर देतात, कित्येकांना तर टक्केसुद्धा तोंडपाठ असतात. उत्तर ‘हो’ असेल तर पंधरा निर्धास्त द्या. ‘नाही’ असेल तर बारा द्या आणि मॅनेजर दिसला तर त्याला कारण सांगा. किमतीतच सगळं धरलं आहे असं मेन्यूवर लिहिलेलं असेल, तर टिपच्या रकान्यात सरळ आडवी रेघ मारा. त्या हॉटेलाने महागडा मेन्यू छापण्याची जोखीम घेतली आहे. तिथे वर टिप ठेवली की छापलेल्या किमतीवर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि पुढच्या टेबलावरचं गिऱ्हाईक पुन्हा पाकिटाकडे हात नेतं.